घटत गेलेला आकडा

२१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठातल्या एका यंत्राने सलग ५२ मिनिटं आकडेमोड केली आणि उत्तर दिलं : १,३१,०७२. प्रश्न असा होता, की जिने २,६२,१४४ ला पूर्ण भाग जातो, पण जी त्याहून लहान आहे, अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? चौथीतला मुलगाही निम्मे करून उत्तर सांगेल. यंत्राने मात्र २,६२,१४३ पासून सुरुवात केली आणि एकेक संख्या तपासत ते खाली उतरत गेलं. भाग जात नाही म्हणून १,३१,०७१ संख्या बाजूला पडल्या. त्यानंतर तपासलेली १,३१,०७२ वी संख्या हे उत्तर होतं, आणि ती संख्याही १,३१,०७२ हीच होती.

या यंत्राचं अधिकृत नाव ‘स्मॉल-स्केल एक्सपेरिमेंटल मशीन’. सगळे त्याला ‘बेबी’ म्हणत. फ्रेडी विल्यम्स, टॉम किल्बर्न आणि जेफ टूटिल यांनी ते उभं केलं होतं. स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवणारं हे जगातलं पहिलं यंत्र. आज मँचेस्टरच्या अभियांत्रिकी आणि संगणक शाखेत दहा लाखांहून अधिक प्रोसेसरांचं यंत्र आहे, कोट्यवधी पौंडांचा नवा परिसर आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पीएचडीचं नवं केंद्र आहे. हे सगळे आकडे वाढत गेलेले आहेत. याच काळात एक आकडा मात्र घटत गेला, आणि माझ्या मते या शाखेची सर्वांत मोठी कमाई तोच आहे.

१,०२४

बेबीची लांबी पाच मीटरच्या वर होती आणि वजन सुमारे एक टन. त्यात ५५० व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) होते आणि ते साडेतीन किलोवॅट वीज खायचं. एवढ्या पसाऱ्यातली मेमरी किती, तर ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ बिट, म्हणजे एकूण १,०२४ बिट. आपण मोबाइलवर मराठीत जे लिहितो, त्यातलं प्रत्येक अक्षरचिन्ह, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी प्रचलित पद्धतीत २४ बिट घेते. त्या हिशेबाने बेबीच्या मेमरीत अवघी ४२ चिन्हं मावली असती. ‘गाडी चुकली, पुढच्या गाडीने येतो’ एवढा निरोप लिहिला, की पुढे फारशी जागा उरत नाही.

ही मेमरी होती कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. टीव्हीत असायची तशी काचेची एक नळी घ्यायची आणि तिच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांच्या झोताने ठिपके उमटवायचे. प्रत्येक ठिपक्याच्या जागी विजेचा बारीकसा भार साठतो. ठिपक्याचा आकार एक प्रकारचा असेल तर शून्य, दुसऱ्या प्रकारचा असेल तर एक. काचेवर बाहेरून धातूची पट्टी लावलेली असते. झोत पुन्हा त्या जागेवरून गेला, की त्या पट्टीत येणाऱ्या हलक्या झटक्यावरून तिथे शून्य होता की एक, हे कळतं. अडचण अशी, की हा भार सेकंदाच्या लहानशा अंशात विरून जातो. म्हणून यंत्राने प्रत्येक ठिपका सतत वाचायचा आणि लगेच पुन्हा लिहायचा. वाचणं-लिहिणं थांबलं, की मेमरी कोरी.

उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न का विचारला, याचा खुलासाही इथेच होतो. भागाकाराच्या उत्तरात कोणालाच रस नव्हता. अशी विरून जाणारी मेमरी तासभर एकही चूक न करता टिकते का, हे पाहायचं होतं. किल्बर्नने १७ आज्ञांचा प्रोग्राम लिहिला आणि तो बटणं दाबून एकेक बिट करत मेमरीत भरला. यंत्राला बेरीज येत नव्हती, फक्त वजाबाकी येत होती, त्यामुळे भागाकारही वजाबाकी करकरूनच. त्या ५२ मिनिटांत यंत्राने सुमारे २१ लाख आज्ञा पाळल्या आणि ३५ लाखांहून जास्त वेळा मेमरीला हात घातला. त्यातला एक जरी ठिपका चुकला असता, तरी उत्तर चुकलं असतं. ते बरोबर आलं. आज आपण ज्याला संगणक म्हणतो, तोही मुळात हीच रचना वापरतो : प्रोग्रामही मेमरीत, माहितीही मेमरीत.

एकावर ५०,००० शून्यं

त्याच वर्षी गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग मँचेस्टरला आला. बेबीचा आकार वाढवून ‘मार्क १’ हे यंत्र झालं. त्याची कारखान्यात तयार केलेली आवृत्ती फेरांटी कंपनीने फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठाला दिली, आणि विकत मिळणारे संगणक इथून सुरू झाले. मधल्या काळात, १९५० मध्ये, ट्युरिंगने ‘माइंड’ या नियतकालिकात यंत्राला विचार करता येईल का, या प्रश्नावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात दोन आकडे आहेत.

पहिला आकडा मँचेस्टरच्या यंत्राबद्दल. त्याच्या मेमरीतले सगळे बिट एकूण किती निरनिराळ्या प्रकारे मांडता येतील, याचा ट्युरिंगने हिशेब केला. उत्तर आलं एकावर सुमारे ५०,००० शून्यं. ही संख्या नुसती छापायची म्हटलं, तर पानाला दोन हजार शून्यं धरून मासिकाची पंचवीस पानं लागतील. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या एकावर साधारण ८० शून्यं एवढी धरतात. ती दोन ओळींत संपते. मेमरीचे दीडएक लाख बिट असलेल्या यंत्राची ही गोष्ट. म्हणून संगणकाला सगळ्या शक्यता तपासून पाहा, असं सांगून भागत नाही. कोणत्या शक्यता सोडून द्यायच्या, हे शोधणं म्हणजेच संगणकशास्त्र.

दुसरा आकडा भविष्याबद्दल. पन्नासेक वर्षांत १०० कोटी बिटांची मेमरी असलेली यंत्रं होतील, असं त्याने लिहिलं. तेव्हा समोर असलेल्या यंत्राच्या सहा हजार पटींची ही झेप होती. हा आकडा मनात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

किल्बर्न थांबला नव्हता. ७ डिसेंबर १९६२ रोजी ‘अ‍ॅटलास’ सुरू झालं, ते त्या वेळच्या जगातल्या सर्वांत वेगवान यंत्रांपैकी एक होतं. वेगवान मेमरी महाग, म्हणून थोडी. हळू चालणारी मेमरी स्वस्त, म्हणून भरपूर. अ‍ॅटलासने दोन्हींची सांगड अशी घातली, की प्रोग्राम लिहिणाऱ्याला एकच मोठी सलग मेमरी असल्यासारखं वाटावं. याला आज व्हर्च्युअल मेमरी म्हणतात, आणि ती आपल्या खिशातल्या फोनातही आहे. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, किल्बर्नने ब्रिटनमधला पहिला संगणकशास्त्र विभाग स्थापन केला. पदवीचे विद्यार्थी १९६५ मध्ये वर्गात आले. यंत्रं बनवता बनवता शिकवण्याजोगा विषय तयार झाला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

५ ज्यूल

आता त्या घटत्या आकड्याकडे येऊ. बेबी साडेतीन किलोवॅट वीज खायचं आणि सेकंदाला सुमारे ७०० आज्ञा पाळायचं. भागाकार केला, तर एका आज्ञेला पाच ज्यूल ऊर्जा पडते. अर्धा किलो साखरेची पुडी जमिनीवरून उचलून मीटरभर उंचावर ठेवायला एवढीच ऊर्जा लागते. एक वजाबाकी, एक पुडी. ५२ मिनिटांच्या त्या गणिताचं वीजबिल तीन युनिट झालं असतं. ज्यूल हे एकक ज्याच्या नावाने आहे, तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल मँचेस्टरला लागूनच असलेल्या सॅल्फर्डमध्ये १८१८ साली जन्मला. ऊर्जा मोजायला शिकवणारा माणूस आणि आज्ञेमागची ऊर्जा मोजायला लावणारं यंत्र, दोघंही एकाच परिसरातले.

या हिशेबाला पुढे नवं वळण दिलं ते स्टीव्ह फर्बरने. १९९० मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक होण्याआधी तो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत होता. तिथे सोफी विल्सन आणि फर्बर यांनी ‘आर्म’ हा प्रोसेसर रचला. त्यात अवघे २५,००० ट्रान्झिस्टर होते. चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसावी, म्हणजे ती तापता कामा नये, म्हणजे वीज एका वॅटच्या आत राहायला हवी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि पहिल्याच दिवशी चालली. किती वीज घेते, हे पाहायला फर्बरने वीजपुरवठ्याच्या तारेत अ‍ॅमीटर लावला, तर काटा शून्यावर. शोधाशोध केल्यावर कळलं, की बोर्डातल्या दोषामुळे चिपच्या वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. शेजारच्या चिपांकडून संदेशांच्या तारांवाटे जी थोडीशी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर हा प्रोसेसर प्रोग्राम चालवत होता.

प्लॅस्टिकच्या वेष्टनाचे पैसे वाचावेत म्हणून धरलेली ती अट पुढे सगळ्या जगाच्या कामी आली. मोबाइल फोन आले तेव्हा बॅटरीवर दिवसभर टिकेल असा प्रोसेसर हवा होता, आणि तो तयार होता. २०२३ पर्यंत आर्म रचनेच्या २५,००० कोटींहून अधिक चिप बाजारात गेल्या होत्या. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे तीस.

१०,३६,८००

मँचेस्टरला आल्यावर फर्बरने मेंदूचा प्रश्न हाती घेतला. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतली एकेक पेशी फार हळू चालते, सेकंदाला जेमतेम काही ठोके देते, पण हजारो शेजारणींशी एकाच वेळी बोलते. नेहमीचे महासंगणक याच्या अगदी उलट बांधलेले असतात : मोठे संदेश, थोड्या वेळा, काटेकोर क्रमाने. मेंदूची नक्कल करायची तर अगदी लहान संदेश, असंख्य वेळा, एकाच वेळी अनेकांना पाठवता आले पाहिजेत. त्यासाठी ‘स्पिनेकर’ हे यंत्र रचलं गेलं.

त्याचा हिशेब चढत्या भाजणीचा आहे. एका चिपमध्ये आर्मचे १८ कोअर, म्हणजे स्वतंत्र प्रोसेसर. एका बोर्डावर ४८ चिप. एका कपाटात १२० बोर्ड. अशी १० कपाटं. १८ गुणिले ४८ गुणिले १२० गुणिले १० म्हणजे १०,३६,८००. सगळे कोअर पहिल्यांदा एकत्र सुरू झाले ते २ नोव्हेंबर २०१८ रोजी, त्याच किल्बर्नचं नाव दिलेल्या इमारतीत. खर्च दीड कोटी पौंड. संकल्पनेपासून इथवर यायला वीस वर्षं लागली, त्यांतली दहाहून अधिक बांधणीत गेली. हे यंत्र सेकंदाला २०० लाख कोटी क्रिया करू शकतं.

प्रत्येक चिप आपल्या सहा शेजारणींशी जोडलेली असते. चेतापेशीने ठोका दिला, की ४० बिटांची एक चिमुकली चिठ्ठी निघते. तिच्यात मजकूर जवळपास नसतोच. कोणत्या पेशीने ठोका दिला, एवढंच असतं. वाटेत एखादी चिठ्ठी हरवली तर यंत्र थांबत नाही, कारण मेंदूही थांबत नाही. ज्या विभागात एका ठिपक्याच्या चुकीने १९४८ चा प्रयोग फसला असता, तिथेच थोडी चूक पचवणारं यंत्र उभं राहिलं.

आता ट्युरिंगचा आकडा. स्पिनेकरच्या प्रत्येक चिपला १२८ मेगाबाइट मेमरी जोडलेली आहे. बिटांत मोजली तर ती १०० कोटींच्या किंचित वर भरते. ट्युरिंगने १९५० मध्ये ज्या मेमरीची अपेक्षा केली होती, ती इथे नखाएवढ्या एका चिपच्या वाट्याला आली आहे, आणि अशा ५७,६०० चिप आहेत.

आणि ऊर्जा? स्पिनेकरच्या एका कोअरला एका आज्ञेसाठी ज्यूलचा साधारण ५०० कोटीवा भाग लागतो. बेबीच्या पाच ज्यूलच्या तुलनेत ही २,५०० कोटी पटींची घट आहे. बेबीचं ते ५२ मिनिटांचं गणित यातला एकच कोअर सेकंदाच्या शंभराव्या भागात करील. बेबीला लागलेल्या तीन युनिट विजेत तेच गणित जगातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने तीन-तीन वेळा करून होईल. माणसाने बनवलेल्या दुसऱ्या कोणत्या वस्तूने सत्तर वर्षांत अशी काटकसर साधली आहे? मोटारीचं इंजिन, विजेचा दिवा, पाण्याचा पंप, सगळे सुधारले; पण त्यांची सुधारणा दोन-पाच पटींत, फार तर काही दहा पटींत मोजावी लागते.

१,३१,०७२, पुन्हा एकदा

मँचेस्टर विद्यापीठाची चेशरमध्ये जॉड्रेल बँक ही वेधशाळा आहे. त्याच जागेत ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या जागतिक रेडिओ दुर्बिणीचं मुख्यालय आहे. तिच्यातला कमी कंप्रतेचा भाग पश्चिम ऑस्ट्रेलियात उभा राहतो आहे. एका केंद्रावर माणसाहून उंच, झाडासारखे २५६ अँटेना, आणि अशी ५१२ केंद्रं. गुणाकार केला तर आकडा येतो १,३१,०७२. मार्च २०२५ मध्ये तिने टिपलेली आकाशाची पहिली प्रतिमा जाहीर झाली. तेव्हा चार केंद्रं जोडलेली होती, म्हणजे १,०२४ अँटेना. बेबीची मेमरी आणि बेबीचं उत्तर, दोन्ही आकडे जसेच्या तसे. यात गूढ काही नाही. दोन्ही ठिकाणच्या अभियंत्यांनी दुप्पट-दुप्पट करत रचना वाढवली, आणि १,०२४ सात वेळा दुप्पट केलं की १,३१,०७२ होतं.

या दुर्बिणीत महाराष्ट्राचा वाटा खरा आणि मोठा आहे. नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. त्या जागतिक दुर्बिणीची वाट दाखवणारी म्हणून तिला मान्यता मिळाली आहे. त्या संपूर्ण जागतिक दुर्बिणीचा कारभार हाकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आखणीचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेने केलं. भारत सरकारने या प्रकल्पातल्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. पूर्ण चालू झाल्यावर ही दुर्बीण वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट माहिती जगभरच्या केंद्रांकडे धाडेल. एवढी माहिती चाळायची, तर एका आज्ञेला किती ऊर्जा लागते, हा प्रश्न खगोलशास्त्राचाही होतो.

२० वॅट

माणसाचा मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो. स्पिनेकर माणसाच्या मेंदूच्या एक टक्का, म्हणजे उंदराच्या दहा मेंदूंएवढं जाळं प्रत्यक्ष वेगाने चालवू शकेल, असा फर्बरचा अंदाज. त्या एक टक्क्याच्या वाट्याला मेंदूची ०.२ वॅट ऊर्जा येते. स्पिनेकरच्या एका चिपला साधारण एक वॅट धरला, तर नुसत्या चिपांना ५७ किलोवॅटहून जास्त लागतात. म्हणजे २,५०० कोटी पटींची काटकसर करूनही निसर्ग आपल्या दोन लाखांहून अधिक पट पुढे आहे. मँचेस्टर आणि जर्मनीतलं ड्रेस्डेन यांनी मिळून केलेल्या ‘स्पिनेकर २’ मध्ये एका चिपवर १५२ कोअर आहेत, आणि तिथेही सगळा भर विजेवरच आहे : ज्या कोअरला काम नाही, त्याची वीज तोडायची.

विजेचा असा विचार होतो का, यावरून मी नव्या उपक्रमांचं मोल ठरवतो. मँचेस्टरने अभियांत्रिकीसाठी ४० कोटी पौंडांचा नवा परिसर बांधला. केंब्रिज विद्यापीठासोबत गुंतागुंतीच्या व्यवस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेवर कृत्रिम बुद्धिमत्तेचं पीएचडी केंद्र काढलं, ब्रिटनने ११.७ कोटी पौंड खर्चून ज्या १२ केंद्रांना मंजुरी दिली, त्यांतलं हे एक. हे चांगलंच आहे. पण २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटींवर जाईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आज्ञा स्वस्त झाली म्हणून आपण आज्ञांची उधळपट्टी सुरू केली, आणि कमावलेली बचत त्यात वाहून चालली आहे.

हा प्रश्न दूरचा नाही. देशातली सर्वाधिक डेटा सेंटर क्षमता मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे, आणि त्यांची वीज आपल्याच ग्रिडमधून जाते. राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सच्या शाखा झपाट्याने निघाल्या. तिथे प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर बरोबर आलं का, हे तपासतात. उत्तर किती वेळात आलं, हेही कधीमधी विचारतात. किती विजेत आलं, हे विचारलं पाहिजे. त्यासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. प्लगला लावायचा वीजमापक काही शे रुपयांत मिळतो. एकच प्रोग्राम दोन पद्धतींनी लिहा, दोन्ही चालवा, लागलेली वीज वहीत मांडा आणि फरकाचं कारण लिहा. पहिल्या वर्षापासून हा रकाना वहीत आला, तर चार वर्षांनी बाहेर पडणारा अभियंता प्रोग्राम लिहितानाच विजेचा विचार करील. निसर्ग अजून दोन लाख पट पुढे आहे, म्हणजे करण्याजोगं काम भरपूर उरलं आहे. ते काम मँचेस्टरएवढंच पुण्यात, नागपुरात, सांगलीत आणि पणजीत होऊ शकतं, आणि त्याची सुरुवात वहीतल्या त्या एका रकान्याने करता येईल.